रोटर मोठा की स्पीड जास्त? घरगुती मॅग्नेट जनरेटर बनवण्याआधी हे गणित करा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी बोर्डवर बरंच गणित घाईघाईत लिहिलं. अनेकांना ते पॉज करून वहीत उतरवावं लागणार, म्हणून तेच इथे सावकाश लिहून काढतोय. वही-पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. गणित सातवी-आठवीचंच आहे, पण ते न केल्यामुळे माझे पैसे गेले होते आणि एका गिऱ्हाइकासमोर मान खाली घालावी लागली होती. तिथूनच सुरुवात करतो.

ड्रिलवर चाललं, डोंगरावर नाही

तुम्हाला माहीत आहे, मी बीबीए केलं आणि मग बाबांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसलो. डोक्यात नवीन प्रॉडक्टचं खूळ होतं. इंटरनेटवर मॅग्नेट जनरेटर पाहिले आणि ठरवलं, आपणही बनवायचा. तपकीर गल्लीतून तांब्याची तार आणि डायोड आणले, मॅग्नेट ऑनलाइन मागवले. १४ सेंटिमीटरच्या दोन लोखंडी चकत्या लेथवर करून घेतल्या. प्रत्येक चकतीवर ४ मॅग्नेट, मध्ये ३ कॉइल. हँड ड्रिलला शाफ्ट जोडला, ड्रिल १२०० आरपीएमवर धरलं आणि मल्टिमीटरवर १७ व्होल्ट आले! बल्ब लख्ख पेटला. मी त्याचा व्हिडिओही काढला.

तो व्हिडिओ दाखवून पहिली ऑर्डर मिळाली. एका काकांचं पानशेतच्या बाजूला डोंगरावर शेतघर होतं. पावसाळ्यात लाइट सारखी जायची, पण वारा भरपूर. काका म्हणाले, "बॅटरी चार्ज झाली आणि रात्री दोन-चार दिवे चालले तरी पुरे." मी ३२ हजार सांगितले आणि १५ हजार ॲडव्हान्स घेतला.

पीव्हीसी पाइपची पाती कापून पवनचक्की बसवली. पात्यांचा एकूण व्यास १.२ मीटर. छान फिरायची, पण बॅटरीत काही जायचं नाही. फक्त जोराची वावटळ आली की ॲमीटरचा काटा जरा हलायचा. काका म्हणाले, "पाती लहान पडत असतील रे." मलाही पटलं. मी पाती दुप्पट केली, २.४ मीटर. आता वावटळीत हलणारा काटाही हलायचा बंद झाला.

पाती मोठी केली आणि चार्जिंग पूर्ण बंद पडलं. असं का झालं, ते समजलं की आजचा अख्खा धडा समजला.

मामांनी सांगितलेली सायकलची गोष्ट

आमच्या दुकानात ३० वर्षं वाइंडिंग करणारे एक मामा आहेत. मशीन परत आणलं तेव्हा त्यांनी चकती हातात घेतली, बोटाने फिरवली आणि विचारलं, "हे किती फेऱ्यांवर बॅटरी चार्ज करतं?"

मी म्हणालो, "१७ व्होल्ट येतात, मामा."

"व्होल्ट नाही विचारले. फेरे विचारले."

मला सांगता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "सायकलचा डायनॅमो पाहिलायस का?"

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. तेव्हा टायरला टेकणारा बाटलीसारखा डायनॅमो घराघरातल्या सायकलींवर असायचा. ६ व्होल्ट, ३ वॉटचा. तो एवढासा असूनही दिवा कसा पेटवायचा? हिशोब करू.

२८ इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली तर चाक मिनिटाला सुमारे ११२ फेरे मारतं. पण डायनॅमोचं डोकं जेमतेम २ सेंटिमीटर व्यासाचं. टायर त्याला घासून फिरवतो, त्यामुळे ते मिनिटाला जवळपास ४००० फेरे मारतं. म्हणजे आत फिरणारा मॅग्नेट लहान असला, तरी चाकापेक्षा पस्तीस पट जोरात पळत असतो.

आता दुसरा प्रकार बघा. युरोपात बऱ्याच सायकलींना चाकाच्या मधोमध बसणारा हब डायनॅमो असतो. तो चाकाबरोबरच फिरतो, म्हणजे तेच ११२ फेरे. तरीही तो ६ व्होल्ट, ३ वॉटच देतो. कसा? त्याचा व्यास मोठा असतो आणि बाटली डायनॅमोत साधारण ८ पोल असतील तर यात २६-२८ असतात.

दिवा तोच, सायकल तीच. एकाने लहान रोटर जोरात फिरवला, दुसऱ्याने मोठा रोटर सावकाश फिरवला. आपल्या विषयाचं मूळ एवढंच आहे.

कॉइलला फेरे कळत नाहीत, वेग कळतो

जत्रेतला गोल फिरणारा चक्री पाळणा आठवा. आतल्या घोड्यावरचं पोर आणि बाहेरच्या घोड्यावरचं पोर, दोघांचा एक फेरा एकाच वेळी पूर्ण होतो. पण बाहेरच्याचे केस जास्त उडतात, कारण त्याच वेळात तो जास्त अंतर कापतो. रोटरवरच्या मॅग्नेटचंही तसंच. तो मध्यापासून जितका लांब, तितका कॉइलसमोरून वेगाने जातो. व्होल्टेज ठरतं ते या वेगावर.

सूत्र लिहून घ्या:

मॅग्नेटचा वेग = ३.१४ × मॅग्नेटच्या वर्तुळाचा व्यास × आरपीएम ÷ ६०

एका तारेतलं व्होल्टेज = मॅग्नेटची ताकद × तारेची मॅग्नेटखालची लांबी × वेग

वेग मीटर प्रति सेकंद, लांबी मीटरमध्ये, मॅग्नेटची ताकद टेस्लामध्ये. समोरासमोर बसवलेल्या चांगल्या निओडायमियम मॅग्नेटच्या मधल्या फटीत हिशोबापुरती ०.६ टेस्ला धरू. मॅग्नेट ४६ × ३० × १० मिलिमीटरचा, म्हणजे तारेची उपयोगी लांबी ०.०४६ मीटर. फेरे दोन्हीकडे १५०.

माझा लहान रोटर: मॅग्नेटच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर. वेग निघतो ०.६३ मीटर प्रति सेकंद. एका तारेत ०.०१७ व्होल्ट.

मोठा रोटर: चकती ३० सेंटिमीटरची, मॅग्नेटच्या वर्तुळाचा व्यास २५ सेंटिमीटर. वेग १.९६ मीटर प्रति सेकंद. एका तारेत ०.०५४ व्होल्ट.

फेरे तेच, मॅग्नेट तोच, तारही तीच. फक्त व्यास तिप्पट झाला आणि व्होल्टेजही तिप्पट झालं. हा झाला पहिला फायदा.

दुसरा फायदा जागेचा. ८ सेंटिमीटरच्या वर्तुळावर ४ मॅग्नेट बसतात. २५ सेंटिमीटरच्या वर्तुळावर तेवढ्याच अंतराने १२ बसतात आणि मध्ये ३ ऐवजी ९ कॉइल मावतात. म्हणजे प्रत्येक कॉइलमध्ये तिप्पट व्होल्टेज आणि कॉइलही तिप्पट. तीन त्रिक नऊ! त्याच फेऱ्यांवर साधारण नऊपट वीज घेण्याची तयारी त्या रोटरमध्ये आली.

म्हणून नियम असा: फेरे दुप्पट केले तर व्होल्टेज दुप्पट होतं. व्यास दुप्पट केला तर त्याच फेऱ्यांवर जनरेटरची क्षमता साधारण चौपट होते. क्षमता म्हटलं आहे, वीज नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

पाती मोठी केल्यावर बिघडलं काय?

पवनचक्कीत रोटर दोन असतात: पात्यांचा आणि मॅग्नेटचा. दोन्ही एकाच शाफ्टवर, पण दोघांचे स्वभाव उलटे.

पात्याचं टोक वाऱ्याच्या काही पट वेगाने पळतं. पीव्हीसीच्या साध्या तीन पात्यांना हे प्रमाण साधारण ५ धरा. म्हणजे वारा ४ मीटर प्रति सेकंद असेल, तर टोक २० मीटर प्रति सेकंदाने पळणार. पाती लहान असो वा मोठी, टोकाचा वेग तोच. पण मोठ्या पात्याच्या टोकाला एका फेऱ्यासाठी जास्त लांब जावं लागतं, म्हणून त्याचे फेरे कमी पडतात.

आरपीएम = ६० × ५ × वाऱ्याचा वेग ÷ (३.१४ × पात्यांचा व्यास)

४ मीटरच्या वाऱ्याला, म्हणजे ताशी साधारण १४ किलोमीटरला:

१.२ मीटर पाती: ३१८ आरपीएम
२.४ मीटर पाती: १५९ आरपीएम

आता माझ्या जनरेटरला काय लागत होतं? १२०० फेऱ्यांवर १७ व्होल्ट. १२ व्होल्टच्या बॅटरीत करंट जायला सुरुवात व्हायची तर बॅटरीच्या वर, म्हणजे १३ व्होल्टच्या आसपास यायला हवं. म्हणजे कमीत कमी ९०० फेरे. लहान पात्यांना ९०० फेरे यायला वारा लागतो सव्वाअकरा मीटर प्रति सेकंद, ताशी ४१ किलोमीटर. म्हणून वावटळीत काटा हलत होता. मोठ्या पात्यांना लागतो त्याच्या दुप्पट, ताशी ८१ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात पवनचक्की जागेवर राहणं अवघड, चार्जिंग तर दूरच.

पाती मोठी केल्यावर वाऱ्यातून ताकद चौपट यायला लागली हे खरं. पण ती ताकद सावकाश आणि जोर लावून फिरणारी होती. माझा जनरेटर मात्र हलका आणि भरभर फिरणारा. दोघांचं जमलंच नाही.

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही असं समजू नका. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्यांची पाती किती सावकाश फिरतात ते बघा. ५० मीटर व्यासाचं पातं मिनिटाला २५ फेरे मारत असलं, तरी त्याचं टोक ताशी २३५ किलोमीटरने पळत असतं. लांबून संथ वाटतं, एवढंच. अशा संथ शाफ्टवरून वीज घ्यायचे जगभर मुख्य दोन रस्ते आहेत. एक, गिअरबॉक्स लावून फेरे हजार-दीड हजारापर्यंत वाढवायचे आणि तुलनेने लहान जनरेटर वापरायचा. दोन, गिअरबॉक्स काढून टाकायचा आणि भल्यामोठ्या कड्यासारखा, भरपूर पोलचा जनरेटर थेट बसवायचा. सायकलचीच गोष्ट, फक्त आकार मोठा.

माझ्यासमोर तीन रस्ते होते

पहिला, पट्टा आणि पुली. १५९ चे ९०० करायचे तर साधारण पावणेसहा पट. जनरेटरवर २ इंची पुली असेल तर पात्यांच्या शाफ्टवर ११ इंचाच्या वरची लागेल. डोंगरावर, पावसात, खांबाच्या टोकावर पट्टा घसरणार. शिवाय पाती सुरू व्हायलाच सहा पट जोर लागणार. पायडलवर किंवा वर्कशॉपमधल्या टेबलावर हा रस्ता चालतो. खांबावर मला नको होता.

दुसरा, त्याच कॉइलमध्ये बारीक तारेचे जास्त वेढे. बरेच नवीन लोक हेच करतात, मीही केलं. व्होल्टेज वाढतं, मीटरवर छान दिसतं. पण जागा तेवढीच असते. वेढे दुप्पट केले की तार निम्म्या काटछेदाची घ्यावी लागते आणि लांबी दुप्पट होते. रेझिस्टन्स चौपट. बॅटरी लावली की करंट मेलेला. वॉट जिथल्या तिथे.

तिसरा, चकती मोठी. स्कॉटलंडमधल्या ह्यू पिगॉट या गृहस्थांनी घरगुती पवनचक्की कशी बांधायची हे अनेक वर्षं शिकवलंय. त्यांच्या पद्धतीत २.४ मीटरच्या पात्यांना साधारण ३० सेंटिमीटरच्या दोन चकत्या आणि प्रत्येकीवर १२ मॅग्नेट येतात. मी त्याच मापाने दुसरं मशीन बांधलं. व्होल्टेजची आता कमतरता नव्हती, उलट वेढे कमी करून तार जाड घेता आली. मशीन दीडशे फेऱ्यांच्या आसपास चार्जिंग सुरू करतं. २.४ मीटर पात्यांना एवढे फेरे ताशी साडेतेरा किलोमीटरच्या वाऱ्यात मिळतात.

काकांचा ॲडव्हान्स मी आधीच परत केला होता. दुसरं मशीन फक्त मालाच्या किमतीत दिलं. पहिल्या वेळचे मॅग्नेट, तार, लेथचे पैसे आणि चार फेऱ्यांचं पेट्रोल माझ्या खिशातून गेलं. काका एकही शब्द वाईट बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मोठा रोटर म्हणजे फुकट वीज नाही

इथे थांबा आणि हे नीट वाचा. रोटर मोठा केल्याने वीज तयार होत नाही. शाफ्टवर जेवढी ताकद येते, त्यातलीच काही वीज होते. वाऱ्यात ताकद किती, याचंही सूत्र आहे:

वॉट = ०.५ × हवेची घनता × पात्यांचं क्षेत्रफळ × वाऱ्याचा वेग × वेग × वेग

पुण्याच्या उंचीला घनता १.१ धरा. २.४ मीटर पात्यांचं क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर. वारा ४ मीटर. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय की वाऱ्यातली ५९ टक्क्यांपेक्षा जास्त ताकद कुठलीही पाती काढू शकत नाहीत. आपल्या घरगुती मशीनला सगळं धरून २५ टक्के मिळाले तरी खूप. उत्तर येतं सुमारे ४० वॉट. वारा निम्मा, म्हणजे २ मीटर झाला, तर एक अष्टमांश: ५ वॉट.

त्यामुळे "मॅग्नेट मॅग्नेटला ढकलतो आणि इंधनाशिवाय घर चालतं" असं सांगून कोणी डीलरशिप विकत असेल, तर पैसे देऊ नका. दोन बल्ब पेटवून दाखवले तरी देऊ नका. लोड लावला की कॉइलमधला करंटच मॅग्नेटला मागे ओढतो. शाफ्टला हाताने फिरवून तीन वायर एकमेकींना जोडा, रोटर लगेच जड लागेल. जेवढी वीज घ्याल, तेवढा जोर बाहेरून द्यावाच लागतो. आणि तुम्ही स्वतः असं काही विकलंत, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

मग कायम मोठाच रोटर घ्यायचा का?

नाही. मोठ्या रोटरची किंमत मोजावी लागते.

१. मॅग्नेट: ८ च्या जागी २४ लागले. या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू तीच.

२. वजन: त्याच जाडीची चकती, व्यास दुप्पट, तर वजन चौपट. बेअरिंग, शाफ्ट, खांब सगळं वाढतं.

३. डगमग: शाफ्ट किंचित तिरका असेल, तर लहान चकतीच्या कडेला जेवढा फरक पडतो त्याच्या दुप्पट फरक दुप्पट चकतीच्या कडेला पडतो. मॅग्नेट आणि कॉइलमध्ये फट असते मिलिमीटरमध्ये. डगमगली की कॉइल घासून जळाली समजा.

४. जोर: १०० वॉट ९०० फेऱ्यांवर घ्यायला जेवढा पीळ लागतो, त्याच्या सहापट १५० फेऱ्यांवर लागतो. शाफ्ट आणि वेल्डिंग त्या हिशोबाचं हवं.

म्हणून जिथे फेरे आयते जास्त मिळतात, तिथे लहान रोटरच स्वस्त पडतो. उगाच मोठा करू नका.

आधी फेरे विचारा: हा तक्ता दुकानात लावा

माणूस पायडल मारतो: साधारण ६० आरपीएम
२.४ मीटर पवनचक्की, मध्यम वारा: १५० ते ३०० आरपीएम
सीलिंग फॅन, फुल स्पीड: ३५० च्या आसपास
साधी ४ पोल इंडक्शन मोटर: १४४० च्या आसपास
सायकलचा बाटली डायनॅमो: ४००० च्या आसपास

आता हे बघून विचार करा. बीएलडीसी सीलिंग फॅनच्या मोटरमध्ये मॅग्नेट असतात, व्यास मोठा असतो आणि ती सावकाश फिरायलाच बनलेली असते. म्हणून अशा भंगारातल्या मोटरचं कंट्रोल सर्किट काढून तिच्या तीन वायर डायोड ब्रिजला जोडल्या, की लहान प्रयोगासाठी चांगला जनरेटर मिळतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली हब मोटरही तशीच. ती ४८ व्होल्टवर मोकळी ६०० फेरे फिरत असेल, तर १२.५ फेऱ्यांना १ व्होल्ट. १२ व्होल्टची बॅटरी आणि डायोडमधली घट धरून १५ व्होल्ट हवेत, म्हणजे १८८ फेरे. जुन्या बाजारात अशी मोटर दिसली तर घेण्याआधी हा भागाकार करा. हजार-बाराशे रुपये वाचतील.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. १२ पोलचा रोटर ३०० फेऱ्यांवर ३० हर्ट्झची वीज देतो. (पोल × आरपीएम ÷ १२०.) फेरे बदलले की व्होल्टेजही बदलतं आणि हर्ट्झही. त्यामुळे घरातली उपकरणं थेट जोडायची नाहीत. डायोड ब्रिज, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि मग इन्व्हर्टर, हाच क्रम.

धंद्याच्या नजरेतून

टेक्निकल झालं, आता पैशाचं बोलू.

पहिलं, वॉट सांगून विकू नका. "५०० वॉटचा जनरेटर" या वाक्याला अर्थ नाही. किती फेऱ्यांवर? मी आता प्रत्येक मशीनसोबत छोटा तक्ता देतो: १५०, ३०० आणि ४५० फेऱ्यांवर, बॅटरी जोडलेली असताना, किती व्होल्ट आणि किती अँपिअर. गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त घेतं, पण नंतर भांडायला येत नाही.

दुसरं, ऑर्डर घेण्याआधी जागा बघा. पुणे शहरातल्या गच्चीवर पवनचक्की मी विकत नाही. बिल्डिंगांमुळे वारा तुटक येतो आणि वर्षातले बरेच महिने तो कमीच असतो. गच्चीसाठी सोलरच सांगतो, माझं गिऱ्हाईक गेलं तरी. डोंगरावरच्या जागेचं वेगळं आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सोलर कमी चालतं आणि नेमका तेव्हाच वारा चांगला असतो. काकांकडे आता दोन्ही आहेत आणि दोन्ही एकाच बॅटरी बँकेवर.

तिसरं, सुरुवात पवनचक्कीने करूच नका. पुण्यात इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाची कॉलेजं भरपूर आहेत. विद्यार्थ्यांना लहान आणि मोठा रोटर शेजारी शेजारी दाखवणारं टेबल मॉडेल लागतं. खर्च मर्यादित, धोका कमी, पैसे रोख. आमच्या दुकानाने या धंद्यात पहिला नफा तिथेच पाहिला. आणि हाताने काम शिकायचं असेल तर पुणे जिल्ह्यातच पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे करून शिकणं हीच पद्धत आहे.

सुरक्षितता, हे गाळू नका

निओडायमियम मॅग्नेट बोट चिरडू शकतात. चकत्या जोडताना हाताने नाही, जॅकिंग बोल्टने हळूहळू जवळ आणा. पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. चालू पवनचक्कीची बॅटरी कधीही काढू नका. लोड गेला की पाती बेफाम फिरतात आणि व्होल्टेज चढतं. थांबवायची असेल तर वारा कमी असताना तिन्ही वायर एकत्र शॉर्ट करणारा ब्रेक स्विच वापरा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. कुठलीही एक जुनी मॅग्नेटवाली मोटर मिळवा. दुकानातून उधार आणली तरी चालेल.

२. ड्रिलने ती तीन वेगवेगळ्या स्पीडला फिरवा. टॅकोमीटरने आरपीएम आणि मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. तीनही वेळा आरपीएमला व्होल्टने भागा. उत्तर जवळपास सारखं यायला हवं.

३. मग १२ व्होल्टचा बल्ब लावून पुन्हा मोजा. व्होल्टेज किती पडलं ते लिहा. मोकळ्या व्होल्टेजवर खूश व्हायचं नाही, मीही तिथेच फसलो होतो.

४. शेवटी, तुमच्या मनात जो फिरवणारा आहे, पायडल, वारा किंवा ओढ्याचं पाणी, त्याचे फेरे मोजा. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून मोजले तरी चालतील. मोटरला लागणारे फेरे आणि हे फेरे शेजारी शेजारी लिहा.

दोन आकडे जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर अजून एक रुपयाही खर्च करू नका, आधी रोटर बदला.

मामा आजही दुकानात आहेत. कोणी पोरगा "हा जनरेटर किती व्होल्ट देतो?" असं विचारत आला, की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि हसतात. मग त्याला स्टूल देऊन बसवतात आणि विचारतात, "फिरवणार कशाने?"

पुढच्या लेखात याच मशीनचं कॉस्टिंग करू: माल, मजुरी, वाया जाणारं सामान आणि वॉरंटीसाठी बाजूला ठेवायचे पैसे. वहीतली उत्तरं तयार ठेवा.